अप्पांची सही

सोमवारी सकाळी महेश्वरीच्या मोबाइलवर तिसऱ्यांदा तोच मेल आला. पालकाच्या संमतीपत्रावरची सही पॅन कार्डावरच्या सहीशी जुळत नाही, कृपया पुन्हा अपलोड करावे. पहिल्या मेलच्या शेवटी 'धन्यवाद' होतं. तिसऱ्यात ते नव्हतं.

महेश्वरी परभणीच्या एका कॉलेजात अन्नतंत्रज्ञान शिकत होती आणि रोज ताडकळसहून एसटीने जात-येत होती. सहा महिन्यांसाठी कॉलेजातली दोन मुलं पोलंडच्या एका विद्यापीठात जाणार होती आणि तिकडची दोन इकडे येणार होती. जाणाऱ्यांत महेश्वरीचं नाव लागलं होतं. निबंध लिहून झाला, मुलाखत झाली, पासपोर्टही आला. सगळं पार पडून गाडी अडली ती वडिलांच्या सहीवर. मुदत शुक्रवारी संध्याकाळी पाचपर्यंत.

वडील म्हणजे मन्मथअप्पा. बाजाराच्या रस्त्याला त्यांचं भांड्यांचं दुकान होतं. लग्नाच्या ताटा-तांब्यांवर मशीनने नाव कोरावं तर त्यांनीच, म्हणून पूर्णेहून माणसं यायची. पण हातात मशीनच्या जागी पेन आलं की हाताला काय होतं, ते त्यांनाही सांगता येत नसे.

"हे बघा," महेश्वरीने कार्ड त्यांच्यासमोर धरलं. "इथं इंग्रजीत हाय. एम, टिंब, मग अप्पा, आन् खाली असं शेपूट. तुमी मराठीत करायलात."

अप्पांनी चष्मा कपाळावर सारून कार्ड डोळ्यांजवळ नेलं. "बारा वर्षं झाली ह्याला. तवा मी इंग्रजीत करत असंल."

"मग आता बी तशीच करा."

त्या दिवसापासून अप्पा स्वतःची सही शिकू लागले. खोक्यांच्या पुठ्ठ्यांवर, जुन्या लग्नपत्रिकांच्या पाठीवर, वर्तमानपत्रांच्या कडेला, जिथे पांढरी जागा दिसेल तिथे. एम जमला तर शेपूट चुकायचं. शेपूट जमेपर्यंत एम विसरायचा. आश्रुबा नावाचे एक शेतकरी पोरीच्या लग्नाची ताटं घेऊन नाव टाकायला आले होते. ते स्टुलावर बसून बराच वेळ बघत राहिले.

"शेपूट लांब झालं, अप्पा," ते म्हणाले.

"कळायलंय मला."

"मघाचं बरं होतं."

"मघाचं कोणतं?"

ते आश्रुबांनाही सांगता येईना. ताटं ठेवून ते निघून गेले.

बुधवारी दुपारी अखेर अप्पांचा हात बसला. पेनावर नाही, मशीनवर. डोक्यात तीन दिवस एकच गोष्ट घोळत होती, आणि समोर आश्रुबांची बारा ताटं होती. त्यांवर 'प्रियांका' असं नाव घालायचं होतं. आश्रुबा परत आले तेव्हा अकरा ताटं झाली होती, आणि अकराच्या अकरा ताटांवर एम, टिंब, अप्पा आणि खाली शेपूट असं कोरलेलं होतं. एकही सही दुसरीपेक्षा वेगळी नव्हती.

आश्रुबांनी एक ताट उचललं, उजेडाकडे धरलं आणि हळूच खाली ठेवलं.

"पोरगी नांदायला माझी चालली," ते म्हणाले, "आन् ताटावर तुमी."

"बदलून देतो उद्या."

"ते द्यालच. पर मी न बघता बांधून नेली असती, तर व्याह्याला काय सांगायचं होतं?"

अप्पांनी बारावं ताट मशीनखालून काढून घेतलं. महेश्वरीने मात्र कॉलेजातून आल्यावर ताट पाहिलं आणि त्याचा फोटो काढला. सही कार्डाशी तंतोतंत जुळत होती. दुसरा मार्गच न उरल्यामुळे तिने तो फोटो पाठवून दिला. तासाभरात चौथा मेल आला. संमतीपत्र कागदावर असावे.

गुरुवारी बापलेक परभणीला व्यंकटराव वकिलांकडे गेले. "काही अवघड नाही," व्यंकटराव म्हणाले. "दोन्ही सह्या तुमच्याच आहेत असं प्रतिज्ञापत्र करू. फक्त माझ्यासमोर तीनदा सही करा."

अप्पांनी तीनदा केली, तिन्ही वेगळ्या. व्यंकटरावांनी कागद आधी सरळ पाहिला, मग आडवा धरून पाहिला.

"अप्पा, तुम्ही भाऊ किती?"

"मी एकलाच."

"मग अवघड आहे," व्यंकटराव म्हणाले आणि त्यांनी पेनाचं टोपण लावलं.



शुक्रवारी दुपारी तीन वाजता अप्पा घरात पाटावर बसून शेवटच्या कोऱ्या संमतीपत्राकडे बघत होते. त्यांच्या अंगठ्याला फोड आला होता. महेश्वरी दाराला टेकून उभी होती. पाच दिवसांत ती एकदाही चिडली नव्हती, आणि आता चिडायचंही तिच्यात त्राण नव्हतं.

"अप्पा, मला धाडायचं नसंल तर सरळ सांगा," ती म्हणाली. "सही कशाला चुकवायलात?"

अप्पांनी पेन खाली ठेवलं. ते म्हणाले, "धाडू नये असं दोन-तीनदा आलं मनात. खोटं कशाला बोलू. पर त्याच्यापायी न्हाई चुकवली. ती माझी मलाच येईना गेली."

महेश्वरीला ते पटलं, आणि पटल्यामुळे जास्तच वाईट वाटलं. ती तिथेच खाली बसली.

कोपऱ्यात तिची आई गौराबाई ज्वारी निवडत होती. तिने मांडीवरचं सूप बाजूला केलं आणि पदराला हात पुसले.

"आण इकडं तो कागद."

कार्डाकडे न बघता तिने एम काढला, टिंब दिलं, अप्पा लिहिलं आणि खाली शेपूट ओढलं. महेश्वरीने कार्ड शेजारी धरून पाहिलं. शेपूट जिथे वळायला हवं, नेमकं तिथेच वळलं होतं.

"हे तुला कसं येतं?" अप्पांनी विचारलं.

"कार्डाचा फारम आला तवा तुमी माल आणायला नांदेडला गेल्ते. फारमवाला म्हणला, आजच पायजे. मग मीच केली."

"मला बोलली न्हाईस कधी."

"त्याच दिवशी बोलले. तुमी जेवायल्ते. हां म्हणलात."

कागद पाठवला गेला. पाचला वीस मिनिटं असताना उत्तर आलं. अर्ज स्वीकारला होता. महेश्वरीने ते दोनदा वाचून दाखवलं, तरी आनंद करायची ताकद कुणाच्यातच उरली नव्हती.

"आई," जरा वेळाने ती म्हणाली, "इतके दिवस आमी काय काय केलं ते बघायलीस. ताटं वाया गेली, वकिलाकडं जाऊन आलो. एकदा तरी बोलायचं."

"तूच मोबाइलमधी दाखवलंस न्हवं का, तिथं कसं बर्फ पडतंय ते," गौराबाई म्हणाली. "मी म्हणलं, न्हाई जुळली तर न्हाई जुळली."

अप्पांनी विचारलं, "मग आज का केलीस?"

"तुमच्यावर आळ आला म्हणून," ती म्हणाली, आणि सूप पुन्हा मांडीवर घेतलं.