लोड बघ आधी

आमच्या विक्रोळीच्या बिल्डिंगमधले परब तात्या घरी आलेल्या पाहुण्याला पाणी देण्याआधी रेझिस्टन्स मोजायच्या मीटरच्या दोन पिना चिमटीत धरायला लावायचे. मग आकडा बघून म्हणायचे, "अंग सुकलंय रे तुझं. पाणी पी."

तात्यांनी चाळीस वर्षं कारखान्यात वायरमनचं काम केलं. माणसं, नाती, राजकारण, सगळं ते एकाच वाक्यात निकालात काढायचे : "लोड बघ आधी." म्हणजे, कुणाला किती झेपतं ते. मी त्यांच्या हातात माझी लग्नपत्रिका दिली, तेव्हाही त्यांनी हेच विचारलं. "लोड बघितलास ना?"

तात्यांना विडी लागायची. दिवसाला दोन कट्टे. काकू गेल्यावर तीन झाले. अशात जहाजावर नोकरीला असलेला त्यांचा भाचा आला आणि विडीऐवजी वाफ ओढायच्या यंत्राची, व्हेपची, टाकी देऊन गेला. बोटभर काचेची टाकी, आत तारेचं वेटोळं. रस भरायचा, वेटोळं तापवायचं, वाफ ओढायची. खालचं बॅटरीचं यंत्र मात्र त्याच्या हातून समुद्रात पडलं होतं.

तात्यांनी टाकीला मीटर लावला, मीटरच्या तारांचा रेझिस्टन्स वजा केला आणि आकडा पुन्हा एकदा मोजून बघितला.

"पॉइंट टू ओहम," ते मला म्हणाले. "रेझिस्टन्स इतका कमी, म्हणजे ही बया करंट किती खेचणार, कळतंय तुला?"

मला कळत नव्हतं. पण त्यानंतर सहा महिने आमच्या जिन्यात दुसरा विषय नव्हता. असल्या यंत्रांच्या विक्रीला आपल्याकडे बंदी, त्यामुळे दुकानदार मान हलवून मोकळे व्हायचे. कुणाकडून तरी पेनासारखं बारीक यंत्र मिळालं. टाकी लावताच त्याचा दिवा तीनदा लुकलुकला आणि विझला. "शेळीक नांगराक जुंपलंय," तात्या म्हणाले. दुसरं यंत्र म्हणजे नुसती बॅटरी घातलेली पितळेची नळी. ती इतकी तापली की त्यांनी ती गॅलरीतून बाहेर वाळूच्या ढिगावर फेकली. "ह्याला अक्कल नाही. मागेल तेवढं देत सुटतं. माणसं अशीच जळतात."

शेवटी भाच्यानेच पुढच्या सुट्टीत दोन बॅटऱ्यांचा डबा आणला. रेझिस्टन्स मोजणारा, जास्त तापला तर आपोआप बंद होणारा. तात्यांनी पहिला झुरका गॅलरीत घेतला. खालच्या मजल्यावर डासांची फवारणी आली समजून लोकांनी खिडक्या लावल्या.

नऊ दिवस विडी बंद. दहाव्या दिवशी धुतलेला शर्ट घालून तात्या दहिसरला लेकीकडे, शिल्पाकडे गेले आणि दुपारच्या आतच परत आले. मी विचारल्यावर जिन्यातच बसले.

"शिल्पाच्या पोरीला दमा आहे. विडी सोडल्याशिवाय येऊ नका, शिल्पा म्हणालेली. म्हणून तर हा खटाटोप."

"मग सुटली ना विडी?"

"तिने डबा बघितला. म्हणाली, बाबा, डॉक्टरांनी सांगितलंय, धूर नको, वाफ नको, कपड्यातला वाससुद्धा नको. तिचं बरोबर आहे रे. पोरीचा लोड मी बघितलाच नाही." शर्टाची बाही हुंगून म्हणाले, "दारातूनच बघितलं नातीला. झोपलेली."

मी म्हटलं, "तात्या, डॉक्टरकडे जाऊ. सोडवतात."

"पंचावन्न वर्षांची आहे ही विडी. आता माझ्याबरोबरच जाईल."

दुसऱ्या दिवसापासून पुन्हा विडी. डबा त्यांनी भाच्याला परत केला. मीटर कपाटात गेला. पाहुणे आले तर पाणी नुसतंच मिळू लागलं.

गेल्या रविवारी संध्याकाळी पेपर मागायला गेलो, तर दार उघडंच होतं. तात्या विडी ओढत होते आणि तेवढ्यात फोन वाजला. नातीचा व्हिडिओ कॉल. त्यांनी विडी चिरडली, घाईघाईने चूळ भरली, शर्ट बदलला, खोलीतला धूर टॉवेलने बाहेर हाकलला. मग फोन हातभर लांब धरून, तोंड जरा बाजूला वळवून ते तिच्याशी बोलू लागले.

फोनमधून वास जात नाही, हे जन्मभर वायरिंग केलेल्या माणसाला मी काय सांगणार? पेपर न मागताच दार लोटून घेतलं.