झनकभाऊजींची दोन पोटांची नाव

आमच्या फुलचूरच्या गल्लीत झनकलाल पटले यांच्या घरी जायचं तर आधी विचारावं लागे. फाटक सताड उघडं असे, पण अंगणात चुन्यानं आखलेली एक भली मोठी नाव होती. तिच्या रेषेबाहेर उभं राहून म्हणायचं, "येऊ का?" मग ते आतून सांगत, "या वैनी, पण इकडून नाही, तिकडून. इकडे पाणी हाये."

पाणी कुठलं बाप्पा, शेणानं सारवलेली कोरडी ठणठणीत जमीन. पण मी लुगडं सावरून तिकडूनच जाई. एखादा माणूस दहा वेळा सांगूनही ऐकत नसला की अकराव्या वेळी आपणच त्याचं ऐकू लागतो.

नाव साधी नव्हती. दोन लांब अरुंद पोटं शेजारी शेजारी आणि मधे त्यांना जोडणारा रुंद माचा. कल्पना आली होती वाण्याकडून. गूळ बांधून आलेल्या गुळगुळीत विलायती कागदावर तशा नावेचं चित्र होतं. त्यावर एक गोरा नवरा, गोरी बायको आणि दोरीवर वाळत घातलेले कपडे. भाऊजींनी कागदाचा गूळ पुसून तो भिंतीला चिकटवला. येणाऱ्या-जाणाऱ्याला ते समुद्र दाखवत नसत, कपडे दाखवत. "पाहा न वैनी, पांढरे कपडे. एक डाग नाही. म्हणजे हे लोक राहूनच राहिले तिथं."

भाऊजी राईस मिलमध्ये फिटर होते. समुद्र त्यांनी जन्मात पाहिला नव्हता. गोंदियाहून समुद्र पाहायचा तर आगगाडीत एक अख्खी रात्र आणि वर काही तास मोडावे लागतात. कोपऱ्यावरचा दुकानदार रोज विचारी, "क्या कप्तान साब, जहाज कब छूट रहा है?" भाऊजी चिडत नसत. "अभी तालीम चल रही है," म्हणत आणि काडेपेटी घेऊन निघून येत.

तालीम खरीच चालली होती. नाव घ्यायची ते नंतर, आधी नावेत राहता आलं पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. म्हणून लोखंडी कपाट देऊन टाकलं. घरात दोन ताटं, दोन गिलास, भात शिजवायचा एक गंज. लाटेनं भांडी पडू नयेत म्हणून फळीला पुढून पट्टी ठोकली. आंघोळ दोन लोट्यांत. कशालाही एकच वाक्य, "पाण्यावर असं चालत नाही." मी एकदा वेलीचं कोहळं घेऊन गेले तर ते परत केलं. म्हणाले, "हे गडगडते, वैनी. पाण्यावर असं चालत नाही. भाजी चपटी पाहिजे." चपटी भाजी कोणती ते त्यांना तरी कुठं ठाऊक! बराच विचार करून शेवटी त्यांनी वालाच्या शेंगा पास केल्या.

त्यांची बायको सुलोचना. काडीसारखी बाई, बोलली की दोन शब्दांनंतर श्वास घ्यायला थांबे. मूलबाळ नव्हतं. आधी ती त्याच मिलमध्ये कामाला होती, मग दम्यानं घरी बसली. मी विचारलं, "कशी गं राहतेस या माणसासोबत?" तर म्हणे, "बाई, काल मीठ मागतलं... तं म्हणते, थांब, लाट जाऊ दे." आणि हसायची. हसली की खोकला लागे, म्हणून आम्ही तिला फार हसवत नसू.

एक मात्र होतं, भाऊजींच्या वेडाचा आम्हा बायांना फायदा होता. मिलच्या चिमणीचा धूर पाहून ते रोज वारा सांगत. नाविकाला वारा कळला पाहिजे म्हणे. वारा मिलकडून असला की काळी राख उडून येते आणि लाखोळीच्या डाळीच्या वड्या, धुतलेली पातळं, सगळ्यांवर ठिपके पडतात. म्हणून वड्या घालायच्या आधी आम्ही त्यांनाच विचारत असू. वारा फिरला की ते धावत येऊन आधी स्वतःच्या घराच्या खिडक्या लावत आणि मग आम्हाला ओरडून सांगत. आम्ही म्हणायचो, बघा, कप्तानानं जहाज बंद केलं.

एकदा मी टोकलंच त्यांना, "भाऊजी, नावच पाहिजे तं साधी घ्या. दोन पोटांची कायले?"

"साधी डुलते, वैनी. डुललं की आमच्या इले चक्कर येते, चक्कर आली की धाप लागते. दोन पोटांची कशी, म्हशीवानी बसते पाण्यावर."

मी घरी येऊन सगळ्यांना फक्त म्हशीचं सांगितलं. खूप हसलो आम्ही.

मोबाईल नवे नवे आले होते, त्या वर्षी सुलोचनाचा दमा वाढला. आडवं पडलं की श्वास कोंडे, म्हणून ती भिंतीला उशी लावून बसूनच झोपे. डॉक्टर म्हणाले, धूळ-धूर नसेल तिथं न्या. सांगायला काय जातं! घर मिलला लागून, नोकरी मिलमध्ये, आणि माहेरी जा म्हटलं तर ती म्हणे, "भावजयीच्या दारी खोकलत पडू का?"

तिच्या माहेरच्या गावचे फागूजी ढिवर अधूनमधून शिंगाडे विकायला गोंदियात येत. सालेकशाकडच्या त्यांच्या गावाला मोठा मामा तलाव आहे, जुन्या मालगुजारांनी बांधलेला. ते असेच एकदा सुलोचनाला भेटायला आले. चुन्याची नाव पाहून म्हणाले, "हा तं आमचा जोड-डोंगा हाये जी. शिंगाड्याचे पोते याच्यावरच आनतो आमी."

इतकी वर्षं जी गोष्ट गोऱ्या लोकांची म्हणून भिंतीला लावली होती, ती बायकोच्या माहेरच्या तळ्यात निघाली.

माघात आम्ही पॅसेंजरनं त्या गावी गेलो, ती दोघं आणि सुलोचनाच्या सोबतीला मी. फागूजींनी दोन डोंगे काठाशी आणून ठेवले होते, म्हणजे लाकूड कोरून केलेल्या त्यांच्या लांबट होड्या. बांधायला दोर घेतला तर भाऊजींनी हात धरला. पिशवीतून काढल्या लोखंडी पट्ट्या, नटबोल्ट आणि पाना.

फागूजी म्हणाले, "दामाद, कसू नका. पाण्यात जोड थोडा ढिला ठेवा लागते. एक वर गेला तं दुसऱ्याले खाली जाऊ द्याव लागते, नवरा-बायकोवानी."

"ढिलं ठेवलं तं मशीन हदरते," फिटर म्हणाला, आणि जन्मभर जसं कसलं तसं कसून कसून आवळलं.

भाऊजींना घेऊन डोंगे पाण्यात दहा हात गेले असतील. हलकी लाट आली, एक डोंगा उचलला, दुसऱ्याला वाकता येईना, आणि कडेचं लाकूड काडकन फाटलं. भाऊजी हातातल्या पान्यासकट कंबरभर पाण्यात उभे. काठावर आम्ही इतके हसलो, सुलोचना तर पदर तोंडात धरून हसली. मग तिला खोकला लागला आणि तो थांबेचना. ओठ निळे पडले.

भाऊजी तसेच ओलेचिंब धावत आले. तिची पाठ चोळत राहिले. ती जरा सावरली तेव्हा माझ्याकडे न पाहता म्हणाले, "मीनंच लावली होती वैनी इले मिलमंदी. घरापाशी काम हाये म्हटलं. कोंड्याच्या खोलीत, तांदळाच्या पॉलिशजवळ. मशीन मी दुरुस्त करू आन् धूळ हे खाय. बारा वर्षं."

तोंडानं बोलत होते आणि हातातल्या पान्याचं पाणी तिच्या पाठीवर ठिबकत होतं, ते त्यांच्या ध्यानातही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी फागूजींनी दुसरा डोंगा आणला. या वेळी भाऊजींनी पिशवी उघडली नाही. फागूजींनी बांबू आडवे टाकले, दोरानं सैल बांधले आणि वर खाट ठेवली. सुलोचनाला मी आणि गावातल्या दोघींनी धरून त्यावर बसवलं. भाऊजींनी बांबूनं ढकलत ढकलत खाट तळ्याच्या मधोमध नेली.

काठावरून आम्ही पाहत होतो. आधी ती बसली होती. मग टेकली. मग हळूच कुशीवर झाली, आणि आडवी पडून झोपली. दुपार चढली, मी जेवण घेऊन काठावर बसलेली. फागूजी हाक मारायला गेले तर भाऊजींनी दुरून हात हलवला. खाली बसायलाही ते धजले नाहीत. बांबू चिखलात रोवून, दोन्ही हातांनी धरून, तो माणूस उन्हात उभाच राहिला. ती उठली तेव्हा तिच्या गालावर खाटेच्या सुताचे वळ उमटले होते. मला म्हणाली, "बाई, किती वर्षांनी सपन पडलं मले." काय पडलं ते मी विचारलं नाही, आता वाटतं विचारायला हवं होतं.

पुढचे चार-पाच रविवार ते गेले. मग ऊन आलं, तळं आटलं. पावसाळ्यात पाणी भरलं तेव्हा तिच्यानं स्टेशनपर्यंतही चालवेना. धानाचा हंगाम सुरू झाला, मिल दिवसरात्र चालू लागली, आणि त्यातच ती गेली. बसल्या बसल्याच.

तेरवी झाली. गल्लीतले लोक म्हणू लागले, आता कप्तान मोकळा झाला. मलाही वाटलं, माणसाचं मन कुठंतरी रमावं. एका सकाळी मी म्हटलं, "भाऊजी, जाऊन या न एकदा समुद्रावर. नाव नाही तं नाही, पाहून तरी या."

ते मान खाली घालून म्हणाले, "कायले, वैनी? मले तं कुठंही झोप लागते. मिलमंदी, मशीन चालू असली तरी लागते."

चोरी कबूल करावी, तसं म्हणाले.