पदाजी तांडेलानें पाखरें मोजिलीं त्याची हकीकत

श्री समुद्रराज प्रसन्न. शके सोळाशें एकोणतीस, सर्वजित नाम संवत्सरे, मार्गशीर्ष मासीं, एके राज्यीं खाडीमुखावरील चिखलवट बांध घालून भरतीपासून तोडावी आणि तेथें मिठागरें करावीं, ऐसी मसलत कारभारियांनीं घातली. महाराजांनीं हुकूम केला कीं, "हिवाळ्याचीं पाखरें तेथें पोट भरितात. आठ हजारांहून कमी भरलीं तरच बांध घालणें." आणि मोजणी पदाजी तांडेल यास सांगितली, कीं तो चाळीस वर्षें तीं पाखरें मोजीत आला होता.

परंतु तीं चाळीस वर्षें तो एकला नव्हता. बायको लाडूबाई संगें असे. भरतीनें चिखल बुडाला म्हणजे सारीं पाखरें वाळूचे पट्टीवर दाटी करीत, आणि हीं दोघें दहा हातांचे अंतरानें बसून, न बोलतां, जातीजातीचीं पाखरें निराळीं मोजून शंभरास एक शिंपला बाजूस टाकीत, आणि शिंपले जुळले तरच आकडा दरबारीं जाई. न जुळले तर लाडूबाई कडाडे, "डोळे मिटून मोजलंत काय? तुतवार सगळे चिखल्यांत ढकललेत!" थंडींत सारींच मातकट, चिखल्या धांवून थबकतो, तुतवार शेपूट हालवीत चोंच खुपसतो, एवढाच काय तो भेद. मग तो हांसे, आणि दोघें पुन्हां आरंभ करीत. काय ते दिवस होते! ती माउली मागले आषाढीं वारली.

त्याउपरि पदाजी एकला बसला. निम्मीं मोजून होतात तों ससाणा आला, आणि थवा उठला, आणि फिरून बसला, मग मोजिलेलीं कोणतीं, राहिलीं कोणतीं, कांहीं उमजेना. एकदां साडेसहा हजार भरलीं, एकदां साडेनऊ. संवयीनें शेजारीं पाहिलें, तों जागा मोकळी. म्हातारा ढसढसां रडला. आणि दरबारीं येऊन दोन्ही आकडे सांगितले.

कारभारी खदखदां हांसले. म्हणों लागले, "शितावरून भाताची परीक्षा! दहा पाहावीं, अंदाज बांधावा."

"भात जागचा उडत नाय, सरकार," पदाजी बोलिला.

महाराजांनीं पुसिलें, "खरा कोणता?" साडेनऊ म्हणतां तर चिखलवट वांचती. शब्द ओठीं आला होता. परंतु न जुळलेला आकडा लाडूबाईनें कधीं जाऊं दिला नव्हता. तो म्हणाला, "मायबाप, खरा मला ठावा नाय. ताडून बघणारं माणूस गेलं."

मग महाराज स्वतां उठले, आणि दुसरे दिवशींचे भरतीस पट्टीवर जाऊन दहा हातांवर बसले. महाराजांचे पांच हजार आले, पदाजीचे नऊ. "पुन्हां मोजा!" पदाजी खेंकसला, आणि जीभ चावली. महाराज हांसले. "पुन्हां तर पुन्हां. दोघांचे जुळेतों बांधाचें नांव कोणीं काढों नये."

ऐसे अकरा हिवाळे गेले. पुढें पदाजी वारला, आणि महाराज एकलेच पट्टीवर बसों लागले. कारभारी आकडा पुसत, तों महाराज म्हणत, "ताडून बघणारं माणूस गेलं." सारांश, आकडा जुळला नाहीं आणि चिखलवट आहे तैसी राहिली. कळावें.