निवृत्ती आबांची मौनसाधना

बेडशाच्या निवृत्ती आबांना स्वतःच्या दोनच गोष्टींचा अभिमान होता, वाणीचा आणि दातांचा. वाणी अशी, की बारसं असो नाहीतर जयंती, माईक एकदा आबांच्या हातात गेला की मंडपवाला निवांत घरी जाऊन जेवून येई. आणि सोड्याच्या बाटलीचं बूच ते अजूनही दातानं उडवत. मुलीकडच्या श्रीपतरावांशी फोनवर पहिल्यांदा बोलतानाच त्यांनी सांगून टाकलं होतं, "आमच्या घराण्यात बत्तीसच्या बत्तीस सरणावर जात्यात. तेच्या आधी एक हालायचा न्हाई."

त्यातली एक दाढ सरणाची वाट न बघता शनिवारी पहाटे ठणकायला लागली, आणि नेमकी त्याच दिवशी तुंगार्लीला श्रीपतरावांकडे बैठक होती. आबांचा मुलगा धम्मदीप आणि श्रीपतरावांची प्रतीक्षा यांनी एकमेकांना कधीच पसंत केलं होतं. आता मोठ्यांनी एकमेकांना पसंत करायचं तेवढं बाकी होतं, आणि ते सोपं नव्हतं. श्रीपतरावांच्या आई भामाबाईंनी आधीची तीन स्थळं कारण न सांगता परत पाठवली होती.

"जाता जाता दाढ काढून घिऊ," आबा म्हणाले. "एका फेरीत दोन कामं."

लोणावळ्याच्या डॉक्टरीणबाईंनी दाढ काढली, खड्ड्यावर कापसाची घडी ठेवली आणि म्हणाल्या, "घट्ट चावून धरा. अर्धा तास बोलायचं नाही. आज थुंकायचं नाही, चूळ भरायची नाही, गरम किंवा कडक काही नाही. खड्ड्यात रक्ताची गाठ बसते, तीच आतली मलमपट्टी. ती निघाली तर दुखणं म्हणजे काय ते कळेल. उद्यापासून मिठाच्या कोमट पाण्यानं हळू गुळण्या. आज आईस्क्रीम चालेल."

रिक्षात बसल्या बसल्या आबांनी रिक्षावाल्याला विचारलं, "का बोलायचं न्हाई, सांगू का?" आणि तुंगार्लीच्या तळ्यापर्यंत सविस्तर सांगितलं.

"अवो, गप ऱ्हावा म्हणलंय, त्येच्यावर तरी भाषान नगा!" आबांच्या बायको चंपाबाई ओरडल्या. तोवर पांढऱ्या शर्टावर लाल ठिपका पडला होता. रिक्षा उलटी फिरली.

डॉक्टरीणबाईंनी नवी घडी ठेवली. "आता संध्याकाळपर्यंत एक शब्द नाही. परत तोंड उघडलंत तर टाका घालीन. कुठे, ते बघू."

शर्टावर जाकीट चढवून आबा श्रीपतरावांच्या दारात उतरले, ते ओठ मिटून. दाढ गेल्याचं सांगायचं नाही, हे रिक्षातच खुणांनी ठरलं होतं. घराण्याच्या अब्रूचा प्रश्न होता.

"या, या! प्रवास कसा झाला?" श्रीपतरावांनी विचारलं. आबांनी मान हलवली.

चहा आला. आबांनी हात आडवा केला. आता आपल्याकडे बैठकीत चहा नाकारणं म्हणजे स्थळ नाकारणंच. श्रीपतरावांचा चेहरा उतरला. त्यांनी घाईघाईनं पोहे मागवले. वाफाळते पोहे बघून आबांनी नुसते डोळे मिटले. प्रतीक्षानं दाराआडून धम्मदीपकडे असं काही बघितलं, की त्याला घाम फुटला.

मग कोपऱ्यातून भामाबाई उठल्या. बशीतली चिक्की आबांच्या नाकासमोर धरून म्हणाल्या, "बत्तीसच्या बत्तीस हायेत म्हणं. मोडा की, पावणं."

आबांनी चिक्कीकडे आणि चिक्कीनं आबांकडे पाहिलं.

"आबांचं मौन आहे!" धम्मदीप एकदम ओरडला. "विपश्यनेचं. शिबिरातून आल्यापासून घरीपण पाळतात."

भामाबाईंनी बशी काही मागे घेतली नाही.

"मग चिक्कीचं काय?" भामाबाई म्हणाल्या. "ती कुटं बोलती?"

"कडक चालत नाही. गरमही नाही."

"मंग चालतं काय?"

धम्मदीपला डॉक्टरीणबाई आठवल्या. "आईस्क्रीम."

"नवी पद्धत हाय," चंपाबाई गंभीरपणे म्हणाल्या.

श्रीपतरावांचा जीव भांड्यात पडला, आणि आदरानं ऊर भरून आला. त्यांनी स्वतः धावत जाऊन आईस्क्रीम आणलं, येताना गल्लीतली माणसंही आणली. "आमचे व्याही! साधक आहेत," ते अभिमानानं सांगू लागले. आबा वाटी हातात घेऊन ताठ बसले. चेहऱ्याची डावी बाजू अगदी निर्विकार होती, कारण इंजेक्शन अजून उतरलं नव्हतं.

"काय ती शांती!" शेजारचे मास्तर पुटपुटले.

मग साधकासमोर दोन शब्द बोलावेत म्हणून श्रीपतराव उभे राहिले आणि चार वेळा अडखळून, "तर सांगायचं तात्पर्य" असं म्हणत, तात्पर्य न सांगताच खाली बसले. ते भाषण आबांना दाढेपेक्षा जास्त ठणकलं. पण त्यांनी कापूस सोडला नाही.

पुढे सगळी मंडळी गच्चीवरून तळं बघायला गेली. साधकाला जिना कशाला, म्हणून आबा खालीच राहिले. भामाबाईही राहिल्या. त्या शेजारी येऊन बसल्या आणि हळूच म्हणाल्या, "कंची? वरची का खालची?"

आबांनी जिन्याकडे एकदा बघून घेतलं. मग बोट खाली केलं.

"म्या असलं मौन बत्तीस वेळा धरलंय, बाबा," भामाबाई म्हणाल्या, आणि पुरावा म्हणून तोंड उघडलं. आत एकही साक्षीदार उरला नव्हता. "तो कापूस काडा आता, लय येळ झाला. रातच्याला उशी उंच घ्या. आन जिभंनं खड्डा चाचपू नगा. लय मन व्हतं, पर नगा."

आबांनी कापूस काढला. डोळे भरून आले होते.

मंडळी खाली आली तेव्हा भामाबाईंनी निकाल दिला. "स्थळ पसंत हाय. आदीच्या समद्यांचा एकच दोष. सासरं लय बोलायचं. पोरीला नांदायचंय का भाषानं ऐकायचीत? हा माणूस मौनाचा हाय, आन ते मोडायचा न्हाई." त्या आबांकडे वळल्या. "व्हय ना?"

आबांनी मान हलवली. दुसरं काय हलवणार?

जखम पंधरवड्यात भरली. तोंड मात्र तुंगार्लीच्या माणसांसमोर बंदच राहिलं. लग्नाच्या दिवशी हॉल खचाखच भरला होता. या प्रसंगाचं भाषण आबांकडे धम्मदीप पाळण्यात होता तेव्हापासून तयार होतं. निवेदकानं पुकारलं, "आता वरपिता, मौनसाधक निवृत्ती आबा!" आणि माईक त्यांच्या तोंडासमोर धरला.

आबांनी छाती भरून श्वास घेतला. पहिल्या रांगेत बसलेल्या भामाबाईंनी सावकाश एक बोट आपल्या गालावर टेकवलं.

आबांनी श्वास सोडला, हात जोडले आणि ताठ उभे राहिले.

टाळ्या थांबेनात. मागचे लोक खुर्च्यांवर चढले. मास्तरांनी डोळे पुसले. भामाबाई तोंड भरून हसत होत्या, दात सोडून त्यात सगळं होतं. आणि आबा मान उंच करून खाली उतरले. इतकं चांगलं आपण आयुष्यात कधीच बोललो नव्हतो, याबद्दल त्यांच्या मनात शंका उरली नव्हती.