कपाटावरचे डॉक्टर

एकोणीसशे छत्तीस साली अख्ख्या खानदेशात वेडावर शिकून आलेला डॉक्टर एकच होता, आणि तो मी! मुंबईची पदवी, विलायतेची पदविका, वेड्यांच्या इस्पितळातल्या दोन वर्षांच्या नोकरीचा दाखला, सगळं काचेच्या चौकटीत घालून धुळ्याच्या दवाखान्यात भिंतीवर लावलं होतं. एवढं वाचूनच रोगी अर्धा बरा होईल, असा माझा अंदाज.

तीन महिने कोणी फिरकलंच नाही. दिवाळीपर्यंत एकही रोगी आला नाही, तर दवाखाना गुंडाळून चाळीसगावला सासऱ्यांच्या पेंडीच्या दुकानात बसायचं, असं घरात ठरलं. सासऱ्यांनी माझ्यासाठी गादीही भरून घेतली होती.

दिवाळी चार दिवसांवर आली असताना जवळच्या खेड्यातले एक म्हातारे शेतकरी, कौतिकआबा, आपल्या पुतण्याला, चुडामणला, घेऊन आले. मागे गाडीभर माणसं. चुडामण दारातून वाकून आत शिरला. लाडका बैल गेल्यापासून दोन महिने तो चकार शब्द बोलला नव्हता आणि हातातली कुऱ्हाड त्यानं खाली ठेवली नव्हती.

आबांनी चौकटींकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

"डॉक्टरसाहेब, तुमले कधी येड लागेल व्हतं का?"

"मला? नाही बुवा."

"मंग तुमले त्यामातलं काय समजी? आमना भगत तीन वरीस रानमां येडा फिरना, तवय त्याले इद्या वनी."

"मी विलायतेत शिकलोय, आबा."

"त्या कागदं शेतस. कागदना आंगमां काय येस?"

तरी आलोच आहोत तर बघू, म्हणून त्यांनी चुडामणला माझ्यासमोर बसवलं, सगळे बाहेर गेले आणि बाहेरून कडी लावली. भगताकडे तशीच रीत. अंगातून निघालेलं भूत बाहेरच्या कुणाला धरू नये म्हणून. माझा कंपाउंडर हबीबही त्यांच्यासोबत बाहेर.

आता चौकटीत नसलेली एक गोष्ट सांगतो. इस्पितळात प्रत्येक रोग्याबरोबर दोन शिपाई असत, आणि मी शिपायांच्या मागे असे.

"हबीब, कडी काढ."

"आबा नको म्हणतात, साहेब."

मी दाराकडे जायला उठलो. तसा चुडामणही उठला, कुऱ्हाडीसकट. मोठा माणूस उभा असताना आपण बसू नये, एवढाच त्याचा हेतू होता, हे मला आज कळतं. तेव्हा मला फक्त पातं दिसलं. पुढचं मला आठवत नाही. खिडकीतून पाहणारा हबीब सांगतो, की मी टेबलावरून औषधांच्या कपाटावर चढलो, विलायतेची चौकट छातीशी धरली आणि आईच्या नावानं ओरडायला लागलो. मी लटलट कापत होतो, आणि माझ्याखाली कपाट कापत होतं. चुडामण जवळ आला. मी डोळे मिटले.

"भाऊ, खाले उतर," दोन महिन्यांत तो पहिल्यांदा बोलला. "पडशी."

त्यानं कुऱ्हाड कोपऱ्यात ठेवली आणि मला उतरायला खांदा पुढं केला.

खिडकीत आबांनी हात जोडले. "वनं! डॉक्टरना आंगमां वनं!" भगताच्या येतं तसं माझ्याही अंगात आलं म्हणे! बाहेर नारळ फुटला.

पेंडीचं दुकान टळलं. आता थेट फैजपूरहून रोगी येतात. चौकटींवर धूळ साचलीये, माणसं आधी कपाट बघून घेतात. हबीबनं त्याला टेकून एक स्टूल ठेवलंय.

चुडामण आठवडेबाजाराला आला की डोकावतो. दारातूनच विचारतो, "आते कसं शे, भाऊ?"

आणि मी, दोन पदव्यांचा माणूस, त्याला खरं ते सांगतो. भीती जरा कमी आहे.