साहेबांसमोर चिखलाचा रणगाडा

"आई, हिरवं निघालं!"

सूनबाई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती आणि तिच्या हातातलं पांढरं फडकं पोपटी झालं होतं.

"काय निघालं?" सासूबाईंनी शेंगा सोलता सोलता विचारलं.

"बाबांच्या रणगाड्याचा रंग. चिकटपणा जाईना, म्हणून नखांचा रंग काढायचं औषध लावलं हो थोडंसं. अर्ध्या रणगाड्याचं आतलं प्लॅस्टिक दिसायला लागलं!"

सासूबाईंच्या हातातली शेंग हातातच राहिली. वीतभर लांबीचा तो रणगाडा म्हणजे सासऱ्यांचा जीव की प्राण. तरुणपणी ते खराखुरा रणगाडा चालवत. निवृत्त झाले त्या दिवशी सोबत्यांनी हा छोटा रणगाडा दिला, पोटाखाली सगळ्यांनी सह्या केल्या, आणि तेव्हापासून तो काचेच्या कपाटाच्या मधल्या खणात विराजमान झाला होता. दर रविवारी सासरे स्वतः तो पुसत. या रविवारी ते जुन्या सोबत्यांच्या मेळाव्याला गेले होते, म्हणून सूनबाई पुसायला गेली, ती कौतुकानेच.

"नवा आणू या का दुकानातून?" सूनबाईच्या नवऱ्याने सुचवलं.

"आणि सह्या कोण करणार? तू?" सासूबाईंनी लेकाला विचारलं.

तेवढ्यात फोन वाजला. सासऱ्यांचा आवाज पलीकडच्या खोलीतही ऐकू येत होता. "अगं, उद्या दुपारी साहेबांना घेऊन येतोय! हो, आमचे साहेब! त्यांना माझा रणगाडा दाखवायचाय. कपाटाची काच लख्ख करून ठेव!"

"ठेवते हं," सासूबाई गोड आवाजात म्हणाल्या. फोन ठेवून त्या सूनबाईकडे वळल्या. "काच मी लख्ख करते. आत काय ठेवायचं ते तू बघ."

सूनबाई दंतवैद्याकडे खोटे दात बनवायच्या कामावर होती. चार केसांचा ब्रश धरावा तर तिनेच. पण हिरव्या रंगाची छटा जुळवायची कशी? तिच्याकडे दातांच्या रंगांची पट्टी होती, पण माणसाचे दात हिरवे नसल्यामुळे तिचा काही उपयोग नव्हता. शेवटी तिने पोपटीचा नाद सोडून खऱ्या रणगाड्यासारखा मळकट हिरवा कालवला. संध्याकाळपर्यंत रणगाडा नवाकोरा झाला.

आणि तिथेच घोटाळा झाला. नवंकोरं काही दिसलं की सूनबाईचे हात शिवशिवत. शुभ्र दात खोटा दिसतो, त्याला मुळाशी जरा पिवळट झाक दिली, एखादी बारीक रेघ ओढली की तो खरा होतो, हे तिचं रोजचं काम. दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळ आटोपताच ती पुन्हा रणगाड्यासमोर बसली.

"आई, थोडासा गंज देऊ?"

"दे बाई. लोखंडाला गंज येतोच."

जुन्या कुलपाचा गंज खरवडून सांध्यांवर बसला. मेणबत्तीची काजळी धुराच्या नळीपाशी लागली. मग चिखल आला. सासूबाईंनी कुंडीतली माती चक्क वस्त्रगाळ करून दिली, आणि गोंदात कालवलेला तो चिखल पाहून त्यांनाच स्फुरण चढलं.

"मागच्या बाजूला जास्त घाल गं! आपल्या पायजम्यावर बघ, शिंतोडे नेहमी मागेच उडतात."

"आई, काय दिसतोय हो!"

"मला तर वासही यायला लागला!"

नवरा म्हणाला, "बाबांना चिखल चालेल का पण?"

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. हा प्रश्न कुणाला सुचलाच नव्हता. आणि दारावरची घंटा वाजली.

आधी साहेब आत आले, उंच, सडसडीत, पांढऱ्या मिशांचे. मागून सासरे, बुटांना तोंड दिसेल इतकं पॉलिश केलेले. "या साहेब, असे या," म्हणत त्यांनी साहेबांना थेट कपाटापाशी नेलं आणि काच सरकवली.

सासऱ्यांचा चेहरा उतरला.

"हे काय? चिखल? साहेबांसमोर?" त्यांचा आवाज चिरकला. याच साहेबांनी एकदा चिखलाच्या एका ठिपक्यापायी सगळ्या तुकडीला मैदानाला दहा फेऱ्या मारायला लावल्या होत्या. "सूनबाई! ओलं फडकं आण, पटकन!"

सूनबाई पुढे आली. या घरात येऊन तिला जेमतेम वर्ष झालं होतं. "बाबा, चूक माझी आहे, मी..."

"थांब." साहेबांनी हात वर केला. चष्मा कपाळावर सरकवून ते रणगाड्यावर वाकले. "कोणी केलं हे?"

"मी."

"तुला कोणी सांगितलं?"

"काय?"

"तळ्याचं!" साहेब गडगडाटी हसले. "अरे, हुबेहूब! ह्याने तळ्यात घातली होती तीच गाडी! सरावाचा पहिला दिवस. मी ओरडतोय डावीकडे, डावीकडे, आणि हा नाकासमोर सरळ! तीन दिवस गाडी गाळात आणि हा वर बसलेला!"

"साहेब, चहा घेऊ या का?" सासरे पुटपुटले.

"चहा राहू दे रे! वहिनी, ह्याने सांगितलं नाही कधी?"

"नाही बाई," सासूबाई शांतपणे म्हणाल्या. "आम्हाला सांगितलंय की तीन दिवस वेढा पडला होता."

"पडला होता की! बेडकांचा!"

साहेब गेले तरी जिन्यावरून त्यांचं हसू ऐकू येत होतं.

"आणि तो गुडघा?" सासूबाईंनी विचारलं. "तीस वर्षं तेल चोळतेय मी. गोळी चाटून गेली होती ना?"

"उतरताना पाय घसरला," सासरे जमिनीकडे बघत म्हणाले. मग हळूच, "सूनबाई, हे धुऊन निघेल?"

"नाही हो बाबा. वरून वार्निश दिलंय. आता काही केल्या निघायचं नाही." तिला रडूच यायला लागलं.

सासऱ्यांनी रणगाडा उचलला, खिडकीपाशी नेला, उजेडात फिरवून फिरवून पाहिला. चिखलावरून बोट फिरवलं.

"उजवीकडे कमी पडलाय," ते म्हणाले.

"काय, बाबा?"

"चिखल गं! गाडी उजवीकडे कलली होती. इथवर आला होता, पार झाकणापर्यंत! आणि ही कुंडीतली माती चालायची नाही. गाळ काळा होता, काळाकुट्ट!" त्यांनी खुर्ची ओढली, बाह्या सरसावल्या. तीस वर्षांचं ओझं उतरल्यासारखे त्यांचे डोळे चमकत होते. "आण तुझा ब्रश. आणि काय गं सूनबाई..."

"हं?"

"बेडूक करता येतील का? फार नकोत. दोन-तीन."