वानखडे मॅडमचा नऊ नंबर

वानखडे मॅडम पन्नाशीच्या कुठल्याही अनोळखी बाईला पहिला प्रश्न विचारतात, "माहेरचं आडनाव काय तुमचं?" नमस्कार नाही, चमत्कार नाही. बसथांब्यावर, दवाखान्यात, लग्नाच्या पंगतीत थेट हाच प्रश्न. आसेगावच्या बाजारात एका भाजीवालीला वाटलं, ही सोयरीक जुळवणारी बाई. तिनं मेथीची एक जुडी फुकट पिशवीत टाकली आणि विचारलं, "पोरगा काय करते तुमचा? माही पुतणी हाये, डी.एड. झाली."

मॅडमनी जुडी परत ठेवली. म्हणाल्या, "मले सून नाही पाह्यजे, बाई. मले माह्या टीमचा सात नंबर पाह्यजे."

मॅडम आमच्या तालुक्याच्या कॉलेजात शारीरिक शिक्षण शिकवायच्या. मी तिथली ग्रंथपाल. त्या निवृत्त झाल्या, तरी शिट्टी अजून गळ्यात असते. एकट्या राहतात. लग्न का केलं नाही असं कोणी विचारलंच तर म्हणतात, "सीझन चालू होता." पुढचा प्रश्न विचारायची कोणाची छाती होत नाही.

विद्यापीठाच्या महिला बास्केटबॉल संघाच्या त्या पुष्कळ वर्षं प्रशिक्षक होत्या. मुरमाच्या मैदानावर फक्कीच्या रेघा मारून, वेल्डिंगवाल्याकडून लोखंडी कडं करून घेऊन त्यांनी खेड्यापाड्यातल्या पोरी तयार केल्या. ओढणी कमरेला बांधून खेळणाऱ्या पोरी विद्यापीठाच्या संघात गेल्या, दूरदूरच्या स्पर्धांना जाऊन आल्या. मग केव्हातरी विद्यापीठाची एक स्मरणिका निघाली. त्यात पुरुषांच्या संघाला चार पानं, फोटोंसकट. आणि शेवटी एक ओळ: 'महिला संघानेही सहभाग घेतला.'

"तो 'ही' पाह्य, कांचन," मॅडम माझ्या टेबलावर स्मरणिका आपटून म्हणाल्या. "एवढ्या वर्षांचा घाम, आन् एक 'ही'!"

त्या दिवसापासून मॅडम संघाचा इतिहास लिहू लागल्या. म्हणजे त्या बोलणार आणि मी टाइप करणार.

अडचण निघाली ती आडनावांची. जुन्या याद्यांत नुसतं 'कु. एस. गोटे' असं लिहिलेलं. ही कुमारी गोटे आता कोणाची काकू, कोणाची सासू, कोणाची आजी झाली असेल, ते यादी कुठून सांगणार?

"बाप्यांचं सोपं असते," मॅडम म्हणायच्या. "गोटे मरेपर्यंत गोटेच राह्यते. पोरगी बोहल्यावर चढली का रेकॉर्डातून गेली."

म्हणून त्या पोरींना नंबरानंच ओळखतात. चार नंबरची किराणा दुकान चालवते. अकरा नंबरला नातू झाला. एकदा मॅडमच्या घरी फोन वाजला, त्यांनी उचलला आणि डोळे पुसत मला म्हणाल्या, "सहा नंबर गेली." मी तासभर सुतकी चेहऱ्यानं बसले. मग कळलं, सहा नंबर मुलीकडे पुण्याला राहायला गेली होती.

ओळख पटवायची त्यांची पद्धतही त्यांचीच. शिरपूरला जैन मंदिराजवळ एक बाई म्हणाली, "व्हय, मी खेयत होती." मॅडमचा विश्वास बसेना. बोलता बोलता त्यांनी पिशवीतलं संत्रं तिच्याकडे भिरकावलं. त्या बाईनं ते छातीसमोर दोन्ही हातांच्या बोटांनी अलगद झेललं. "रेकॉर्डवर घे," मॅडम मला म्हणाल्या. "न खेयलेली बाई तळहातानं झेलते." ती बाई संत्रं हातात धरून कितीतरी वेळ तशीच उभी होती. शेजारी उभा असलेला तिचा नवरा म्हणाला, "तू खेयत होती? मले कधी सांगतलं नाही." ती म्हणाली, "तुमी कधी इचारलं?"

असं करत अकरा जणी सापडल्या. एका जुन्या संघाचा फोटो होता, बारा जणींचा. आमच्या यादीत नऊ नंबरची जागा तेवढी कोरी राहिली. मी विचारलं की मॅडम म्हणायच्या, "सापडन." आणि दुसरा विषय काढायच्या.

दिवाळीच्या आधी एका सकाळी त्यांचा फोन आला. "चाल, इंझोरीले जाऊ."

एसटीतून उतरल्यावर मी नेहमीप्रमाणे पानटपरीवर चौकशी करायला वळले, तर मॅडम सरळ चालू लागल्या. एक वळण, हनुमानाचं मंदिर, मग निळ्या दाराचं घर. कोणाला काही विचारलं नाही.

"तुम्हाला घर माहीत होतं?"

"माहीतच होतं. मानोऱ्याच्या एसटीनं कितीदा गेली इथून. उतरणं झालं नाही."

दाराशी उभं राहून त्यांनी मला पाच-सहा वाक्यांत सगळं सांगितलं. नऊ नंबर म्हणजे मंदा. संघातली सगळ्यात उंच उडी तिची. त्या वर्षी आंतरविद्यापीठ स्पर्धेला निघायच्या आधी मॅडमनी मोठ्या कौतुकानं तिचा फोटो वर्तमानपत्राला दिला. उडी मारतानाचा, हाफ पँटमधला. छापून आला त्याच दिवशी मंदाचा बाप कात्रण घेऊन कॉलेजात आला. स्पर्धेची गाडी मंदाला सोडून गेली. पुढच्या महिन्यात तिचं लग्न झालं आणि कॉलेजही सुटलं.

"तिले विचारलं नव्हतं मी," मॅडम म्हणाल्या. "फोटो देऊ का म्हणून."

दार लोटून आत गेलो, तर मंदाताई अंगणात सोयाबीन वाळत घालत होत्या. उंच, किंचित वाकलेल्या, केस पिकलेले. मॅडमना पाहून हातातलं सूप त्यांनी हळूच खाली ठेवलं. ओळख पटवायची गरजच पडली नाही.

"मॅडम."

"मंदा, मी माफी मांगाले आली."

घरातून सून डोकावली. मंदाताईंनी तिला चहा ठेवायला सांगितलं आणि बाज पुढे ओढली. आम्ही बसलो. मग त्या म्हणाल्या, "राग होता, मॅडम. खोटं कायले बोलू? लय वर्सं होता. बापाचा नाही आला तेवढा तुमचा आला. तुमी त्या दिवशी घरी काहून नाही आल्या? बापाशी भांडल्या काहून नाही?"

"भ्याली मी," मॅडम म्हणाल्या.

आयुष्यभर पंचांशी भांडलेली ही बाई. हे दोन शब्द तिच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकले.

चहा आला. मंदाताईंनी बशीत ओतला, पण प्यायल्या नाहीत. बशीकडे बघत म्हणाल्या, "एक इचारू? त्या मॅचचं काय झालं?"

"कोणत्या?"

"ज्या मॅचले मले जायाचं होतं. पहिलीच होती ना? मले कोनंच सांगतलं नाही. कोनाले इचारू? सासरी कोनाले इचारावं?"

तो सामना मी टाइप केला होता, म्हणून मला निकाल ठाऊक होता. मी मॅडमकडे पाहिलं. त्या पाठीला बाक न देता बसल्या आणि चेंडूसाठीच्या सुरुवातीच्या उडीपासून सांगू लागल्या. कोण कुठं उभी होती, कोणी चेंडू घालवला, कोणाचा गुडघा फुटला, मध्यंतरापर्यंत आपण कशा पुढे होतो. मंदाताई बाजेच्या कडेला सरकत गेल्या. मधेच म्हणाल्या, "चार नंबर डावीकडूनच गेली असन, तिले उजवीकडून जमेच नाही." मग मॅडम शेवटच्या मिनिटावर आल्या. कड्याला लागून चेंडू उडाला आणि तो वरच्या वर घ्यायला आपलं कोणी नव्हतं.

"मंग?"

"मंग काय. एका बास्केटनं हारलो."

"हारल्या?"

"हारलो, मंदा. तू नव्हती."

मंदाताईंचा चेहरा आधी थिजला. मग त्या हसल्या, पदर तोंडावर घेऊन, खांदे हलेपर्यंत हसल्या. डोळ्यांतून पाणी येत होतं तरी थांबेनात. "सूनबाई," त्यांनी आत हाक मारली, "अवं ऐकलं का? माह्याबिगर हारल्या ह्या!"

निघताना त्यांनी मॅडमच्या हातात तुरीच्या डाळीची पिशवी दिली आणि म्हणाल्या, "दिवाळीनंतर या निवांत. तवा दुसरीही मॅच सांगा."

थांब्यावर मॅडम एसटीची वाट पाहत उभ्या होत्या. मग त्यांनी हलकेच विचारलं, "या म्हणाली ना ती? का मलेच भास झाला?"

"म्हणाल्या ना. दिवाळीनंतर."

"दिवाळीनंतर कायले," त्या रस्त्याकडे पाहत म्हणाल्या. "दिवाळीले तरी माह्याकडं कोण असते."

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी मी फराळाचा डबा घेऊन मॅडमकडे गेले. दाराला कुलूप होतं. शेजारची बाई म्हणाली, सकाळच्याच मानोऱ्याच्या एसटीनं गेल्या, नवी साडी नेसून.